मधलं नाव

तळोज्यातल्या कारखान्याचं गेटपास पोर्टल सकाळपासून एकाच बाईच्या अर्जावर बंद पडत होतं. स्क्रीनवर नल पॉइंटर एरर, म्हणजे हवी ती माहिती रिकामी, आणि गेटबाहेर द्वारका भोईर. पास निघाला नाही तर तिची जागा दुसरीला जाणार. “बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही. बाई काहीतरी लपवतेय,” सिक्युरिटीचे उदयसिंह माझ्या मागून म्हणाले. खोट आमच्या कोडमध्ये होती. तो मधल्या नावाचं पहिलं अक्षर उचलायला जायचा आणि जागा रिकामी दिसली की आडवा पडायचा. बापाशिवाय नाव असूच शकत नाही, हे आम्हीच ठरवून टाकलेलं. उदयसिंहांनी खिडकीतून दरडावलं, “बापाला नाव नव्हतं काय गं?” “हाय ना. मी लावीत नाय. भोईर आडनाव आयचा हाय.” “टाक कुठलंही नाव,” ते मला म्हणाले. मी कोड दुरुस्त केला. पास निघाला: द्वारका भोईर. मध्ये कुणी नाही.