वेणीचा स्वेटर

जर्मनच्या लढाईच्या साली सोनाळ्याच्या वामनरावांनी मंजुळा घरात असतानाच दुसरं लग्न केलं. नवी बायको वत्सला खामगावच्या शाळेत विणकाम शिकलेली. पहिल्याच हिवाळ्यात ती नवऱ्यासाठी वेणीच्या नक्षीचा स्वेटर विणायला बसली आणि मंजुळाचा जळफळाट झाला.

दुपारी वत्सला धुणं घेऊन नदीवर गेली, की मंजुळा तिचं विणकाम उसवायची. मग चोरी उघडी पडेल या भीतीनं तेवढंच परत विणून ठेवायची. उलगडता उलगडता सुलट टाका कसा घालायचा, उलट कसा, हे तिच्या बोटांना कळत गेलं. वत्सलाच्या वेणीचा पीळ मध्येच चुकायचा. तोही तिला सरळ करता येऊ लागला.

संक्रांतीला वामनरावांनी स्वेटर घातला आणि छातीवरून हात फिरवला.

"वा वत्सले! काय वेणी टाकली तू! अशी गावात कोणालेच येत नाही."

वत्सला लाजून हसली. मंजुळा नुसती जळत उभी राहिली. वेण्या माझ्या आहेत म्हणावं, तर उसवल्याचंही सांगावं लागलं असतं.

वामनराव बाहेर गेल्यावर वत्सलानं लोकरीचा नवा गुंडा तिच्या हातात ठेवला.


"बाई, वेणी मले शाळेतही जमली नोती. आता त्यायच्यासाठी मफलर सुरू करून राह्यली मी. उद्यापासून नदीवर जरा जास्त वेळ थांबत जाईन."