सोमवारचा स्कोअर

"सेइनायोकी," समाधान तिसऱ्यांदा पुटपुटला, तेव्हा कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या संघर्षने मान वळवली.

"कुठल्या देवाचं नाव घेतोयस भावा, सकाळी सकाळी?"

"साहेबांच्या गावाचं," समाधान म्हणाला आणि मोबाइल खिशात सरकवला. बस मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली होती. संघर्ष काहीतरी बोलणार होता, पण खिडकीबाहेर बघत बसला.

साहेब म्हणजे तापियो साहेब, चाकणच्या प्लांटवर फिनलंडहून आलेले हेड. उंच, लाजाळू, गुड मॉर्निंगसुद्धा जपून वापरणारे. कंपनी यंदा एकाच माणसाला आठ महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी फिनलंडला धाडणार होती आणि नाव नोव्हेंबरात जाहीर होणार होतं. मेंटेनन्समधून दोघांची चर्चा होती. एक चौदा वर्षं घासलेला समाधान, आणि दुसरी त्यानेच हाताला धरून शिकवलेली भाग्यश्री. पोरगी हुशार होती. समाधानपेक्षा हुशार होती, आणि ते समाधानला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तीच तर पंचाईत!

इकडे पिंपळे गुरवला त्याच्या आईने, गिरजाबाईने, "आमचा समा परदेशी चाललाय" म्हणून अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं होतं. बायकोने, पूनमने, भर उन्हाळ्यात स्वेटर आणून कपाटात ठेवला होता. आता मागे फिरायला तोंड कुठे होतं?

एप्रिलमध्ये त्याच्या कानावर आलं की साहेबांचा जीव फुटबॉलवर आहे. तिकडची सगळ्यात मोठी लीग बर्फ वितळला की सुरू होते. समाधानने जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता. पण रविवारी तो मोबाइल घेऊन बसला आणि बाराही संघांची नावं, साहेबांच्या गावच्या सेइनायोकीसकट, शाळेतल्या पोरासारखी घोकून काढली.

सोमवारी दहाच्या चहाला साहेब स्वतःहून त्याच्या टेबलाशी आले. हातात एक कागद होता. समाधानने त्यांना तोंडच उघडू दिलं नाही.

"सर, सेइनायोकी! कंग्रॅच्युलेशन्स! दुसरा गोल काय होता सर!"

साहेब थबकले. क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग कागदाची घडी करून खिशात टाकली आणि खुर्ची ओढून बसले. समोर बसलेली भाग्यश्री कप उचलून दुसऱ्या टेबलावर गेली.

मासा गळाला लागला, समाधानला वाटलं. त्या दिवशी स्वारी अशी काही ऐटीत चालत होती की विचारू नका.

मग दर सोमवारचा तो पायंडाच पडला. सेइनायोकी जिंकले की समाधान खूश, हरले की याचा चेहरा इतका उतरायचा की साहेबच त्याची समजूत घालायचे. बावीस सामन्यांनंतर वरचे सहा संघ वेगळे आणि खालचे सहा वेगळे खेळतात, हेही त्याने पाठ केलं.

फक्त भाग्यश्री पुन्हा कधी त्या टेबलावर आली नाही. उलट त्याचे ब्रेकडाउन रिपोर्ट ती न सांगता भरून ठेवायला लागली.

"अगं, माझं काम तू कशाला करतेस?"

"असू द्या दादा. तुम्ही वेळेवर घरी जा." बोलताना तिने नजर वर केली नाही.

ती खाली घातलेली नजर समाधानला जाळायची. आपण पोरीच्या तोंडचा घास पळवतोय, आणि ती आपलंच काम करतेय. शरम वाटायची. पण सोमवार आला की जीभ आपोआप सेइनायोकी म्हणायची.

जुलैमध्ये तर कहर झाला. वेल्डिंगचा रोबो दोन दिवस अडून बसला होता. भाग्यश्रीने सेन्सरमागची तुटकी वायर शोधली आणि लाइन सुरू झाली. चहाला साहेबांनी विचारलं, कुणी शोधलं? समाधान म्हणाला, "आम्ही, सर." भाग्यश्री तीन हातांवर उभी होती. तिने ऐकलं, आणि हातातला कप ठेवून निघून गेली. त्या दिवशी समाधानला डबा गेला नाही. चांगल्या शिव्या देऊन भांडली असती तरी बरं वाटलं असतं, असं त्याला वाटलं.

ऑक्टोबरात लीगचा शेवटचा रविवार आला. त्या संध्याकाळी त्याने मोबाइल उघडलाच नाही. सेइनायोकी कितवे आले, त्याला पत्ता नव्हता. त्याला स्वतःचीच किळस आली होती.

सोमवारी तो चहाची वाट न बघता सरळ केबिनमध्ये शिरला. भाग्यश्री तिथेच होती. बरंच झालं, तो मनात म्हणाला, तिच्यासमोरच होऊन जाऊ दे.

"सर, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही," जमेल तितकं इंग्रजीत आणि उरलेलं हिंदीत तो बोलत सुटला. "सीझनभर पाठ करून येत होतो. फिनलंडच्या जागेसाठी. रोबोचा फॉल्टपण एकट्या हिनेच शोधला होता. मी खोटं बोललो. मला लाज वाटते सर. माझं नाव काढा. हिला पाठवा."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी भाग्यश्रीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "प्लीज, तू सांग."

भाग्यश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, माझं नाव मार्चमध्येच ठरलं होतं. त्या पहिल्या सोमवारी साहेब तुम्हाला तेच सांगायला आले होते. तुम्ही इतके खुशीत होता, की त्यांच्याने बोलवेना. मग त्यांनी अख्ख्या प्लांटला बजावलं, सीझन संपेपर्यंत ह्याला कुणी काही सांगायचं नाही."