कॅमेऱ्याचं बटण

बायको मारली गेल्याचं शिंप्याला कळलं ते मेहुणीकडून. भर दुपारी ती दुकानात आली, दार आतून लावलं आणि म्हणाली, "भाऊजी, ताई गेली. तपासणी नाक्यावर शिपायांना कॅमेरा सापडला."

लष्कराच्या राजवटीत चोरून बातम्या काढणाऱ्या पत्रकारांवर दोघी बहिणी फिल्म करत होत्या. कोटाच्या बटणात कॅमेरा बसवायचं काम शिंप्याचं. बटण गळून पडू नये म्हणून त्याने दोरा दुप्पट घातला होता. "अहो, कोट मी घालणार आहे की रणगाडा?" म्हणत बायको हसली होती.

मेहुणीने पिशवीतून स्वतःचा कोट काढला. "फिल्म अर्धी राहिलीय. उद्या मी जाणार."

"वेड लागलंय का तुला? एक गेली ते पुरे नाही झालं?"

"जाणार म्हणजे जाणार, भाऊजी. फक्त..." ती खाली बघत म्हणाली, "या वेळी बटण जरा सैल लावा. शिपाई सगळ्यांची बटणं ओढून बघतात. ताईचं तेवढं एकच हललं नाही."

शिंप्याने कोट मांडीवर घेतला. संध्याकाळ झाली, कोट मांडीवरच आहे. बटण लावायचं राहिलंय.