निकाली कुस्ती

भर उन्हात निकाली कुस्ती रंगली होती. यशराजनं समोरच्या पैलवानाला खाली दाबलं तसं मैदान ओरडलं, "बघा की, वाघाच्या अंगावर घामाचा टिपूस न्हाय!"

मैदानाची व्यवस्थापक भैरवी चरकली. बदलत्या हवामानात मैदानं कशी सांभाळायची, याच्या प्रशिक्षणात तिला नुकतंच शिकवलं होतं, की अशा उन्हात घाम आटणं ही उष्माघाताची खूण. तिनं शिट्टी फुंकली. "कुस्ती थांबवा!"

"चितपट झाल्याबिगर न्हाय!" वस्ताद तात्या कडाडले. "थांबवलीस तर यशराज हरला. सख्ख्या भावाची गदा घालवतीस व्हय?"

भैरवी आखाड्यात उतरली आणि तिनं दुसऱ्या पैलवानाचा हात वर केला. मैदान शिव्या देत उठलं.

यशराज मात्र हसत तिच्याजवळ आला. "ताई, माझी कुस्ती कवा लागणार?"