मामांचा घसा

एकी हीच आपली खरी संपत्ती, असं वस्तीतला प्रत्येक जण मानत असे. त्या संपत्तीतून मामांच्या घरावर दुसरा मजला चढला होता. बाकीच्यांच्या घरांवर पत्रे होते.

याला मामा तरी काय करणार? डोंगरातल्या या मूठभर घरांची भाषा खाली बाजारात कुणी बोलत नसे, आणि बाजाराची भाषा वस्तीत एकट्या मामांना येत असे. ते सगळ्यांचा लसूण आपल्या पिकअपमध्ये भरून नेत, अडत्याशी बोलत आणि परत येऊन भाव सांगत. तोही चेहरा असा पाडून, की ऐकणाऱ्याला त्यांचीच कीव यावी.

आज मात्र त्यांचा घसा पार बसला होता. मफलर गुंडाळून ते गाडीतच बसले होते आणि त्यांची धाकटी बहीण आपल्या गोण्यांपाशी एकटी उभी होती. खुणांनी काय जमेल ते जमवायचं, असं ठरलं होतं. भाव पडला, तर तिच्या लेकीला नर्सिंग अर्ध्यात सोडून घरी यावं लागणार होतं.

अडत्याने एक गड्डा फोडला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

बहिणीचा धीर सुटला. ती आपल्या भाषेत पुटपुटली, "नाक आहे का भोपळा! मेल्याला लसणात गुलाबाचा वास हवाय."

"सर्दी झालीय हो, मावशी," अडत्या म्हणाला. तिच्याच भाषेत. आणि त्याने पटकन इकडेतिकडे पाहिलं.

"अगं बाई! तू आपल्यातला?"

"पलीकडच्या डोंगरातला. हळू बोला, इथे डोंगरातल्यांना गाळा देत नाहीत. कळलं तर माझा जाईल."

"मग इतकी वर्षं माझ्या दादाशी का नाही बोललास?" तिने गाडीकडे बोट दाखवलं.

"ते तुमचे दादा? मला वाटलं, इथलेच कुणी दलाल. काय तोऱ्यात बोलतात! मला निम्मं कळत नाही, मी आपला मान हलवतो आणि भाव सांगतो."

मग त्याने तिलाही भाव सांगितला. दादांना देतो तोच, म्हणाला. आजवर तिच्या हाती पडत आलेल्या भावाच्या तो दीडपट होता.

ती गाडीपाशी आली. मामा समोरच्या काचेकडे बघत होते, जणू गाडीला काच असते हे त्यांना आजच कळलं होतं. तिने त्यांचा मफलर सारखा केला.

"पोरीचं नर्सिंग होतंय पुरं," ती म्हणाली. "आणि दादा, इतकी वर्षं उगाच रे घसा झिजवलास."

मामांच्या घशातून काहीतरी बाहेर पडलं. ते कुठल्याच भाषेत नव्हतं.

पुढच्या बाजारापासून जो तो त्या अडत्याशी हळूच बोलून आपला भाव स्वतः ठरवू लागला. मामा आता फक्त गाडी चालवतात. वस्तीत दुसऱ्या कुणाला गाडी चालवता येत नाही. भाडं वाढलं आहे.