गोदाकाठची कवटी

खोक्यात कापूस तसाच होता. कवटी मात्र नव्हती. त्र्यंबकरावांनी सगळा कापूस उपसून पाहिला. गोदावरीच्या दरडीतून त्यांनी ती काढली, तेव्हापासून कलकत्त्याचे पंडित 'माकडाची' म्हणून हसत होते. आपल्याआधी नांदून नामशेष झालेल्या माणसाची ती आहे, हे त्र्यंबकराव जीव तोडून सांगत होते. आज ते पंडित स्वतः पाहायला येणार होते.

"म्या नेली, दादा," घरमालकीण गयाबाई ओल्या निऱ्या पिळत म्हणाल्या. "डोहात सोडली. भटजींनी तिळाचं पानीबी दिलं."

"अहो, लाखो वर्षांपूर्वीची होती ती!"

"आत्ता गं बया! एवढी वर्सं बिचारा तसाच पडला व्हता?"

"मला विचारायचं तरी!"

"काय इचारायचं? चावडीवर तुमीच सांगत व्हता, मानूस हाय, मानूस हाय. मग मानसाला खोक्यात ठिवत्यात व्हय?"

त्या डोहाचा तळ कुणालाच लागला नव्हता. वेशीतून पाहुण्यांची बैलगाडी आत येत होती. त्र्यंबकराव रिकामं खोकं घेऊन उंबऱ्यावर बसले. इतक्या वर्षांत त्यांचं म्हणणं पटलेलं पहिलं माणूस समोर उभं होतं, ओल्या निऱ्या पिळत.