डब्यासकट पाचशे

वेलचीचा वास. सुनेचं नाव छापलंय म्हणून शेवंताच्या सासूने देव्हाऱ्याशेजारी चिकटवलेलं लेबल. चाळीस ग्रॅम.

वजनमापे निरीक्षकाने डब्यातलं श्रीखंड काढून काट्यावर ठेवलं. काटा चारशे साठवर थांबला. डब्यावर पाचशे छापलं होतं.

"डब्यासकट भरतंय की, साहेब," शेवंता म्हणाली. पाच वर्षं ती मालकाने शिकवलं तसेच डबे भरत होती.

"डबा खातात का, मावशी? उत्पादक कोण?"

तिने मालकाकडे पाहिलं. मालकाने लेबलवर बोट ठेवलं. "शेवंताबाईंचं नाव आहे, साहेब. मी फक्त जागा दिलीय."

आजवर त्याने तिला कधी 'बाई' म्हटलं नव्हतं.

निरीक्षकाने गुन्हा तिच्या नावावर नोंदवला.

परवान्याच्या अर्जावर तिची सही घेतली, त्या दिवशी मालकाने कामावरच्या सगळ्या बायकांना पेढे वाटले होते.